मंगळाची धूळ आणि आईचं उत्तर

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुढचा प्रश्न आला की मात्र आईची पंचाईत व्हायची. बाया विचारायच्या, "पोरगी करते काय?" शेजारच्या काकूंचा मुलगा तलाठी, त्यांचं एका शब्दात भागायचं. आई म्हणायची, "कंप्युटरवर काहीतरी," आणि विषय बदलायची. मला ते लागायचं. अभिमान तिला भरपूर होता, सांगायला शब्द नव्हते.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी स्कूटीवर देऊळघाटाहून बुलढाण्याच्या बाजाराला निघालो. रस्त्याकडेच्या शेतात सोयाबीन काढणं चालू होतं. थ्रेशरमधून कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ उडत होती, तिच्यात मी वेगात शिरले.

"अवं हळू! तोंडाले टोचून राह्यलं ना!"

मी ब्रेक दाबला. धूळ उडतच होती, पण आता नुसती अंगावर बसत होती.

"आता टोचते का?"

"नाही."

"धूळ थेच हाय, आई. आपण जोरात होतो म्हनून टोचली."

मग तिथेच उभ्या उभ्या तिला माझं काम सांगितलं. यान मंगळाच्या हवेत शिरतं ते आमच्या स्कूटीच्या शेकडो पट वेगाने. समोरची हवा दाबून तापते, म्हणून यानाच्या पुढे कवच असतं. वादळाने धूळ वर चढलेली असली तर तिचे कण कवचाला खरवडतात आणि आच वाढते. ती किती वाढेल, हे काढायचं काम माझं.

आईने पदराने तोंड पुसलं. "मंग तवाच उतराचं काऊन? थांबाचं थोडं."

"पृथ्वीवरून थेट आलेल्या यानाले थांबता येत नाही."

"मंग कवच जाड लावा."

"वजन वाढते. आतली यंत्रं कमी न्या लागतात."

"हां," एवढंच ती म्हणाली. "चाल, मेथी संपून जाईन."

मेथीच्या ढिगापाशीच काकू भेटल्या. "आली का पोरगी? काय करते म्हनलं थे?"

मी तोंड उघडणार, तोच आई पुढे झाली. "मंगळावर यान उतरते. तिथं धूळ असते. यान लय जोरात असलं का धूळ त्याले खरवडते, अन् थे जास्त तापते. किती तापन, थे हे पोरगी पह्यलेच काढून ठेवते."

"त्यात काय? जाड पत्रा ठोकाचा!"

"नाही जमत," आई जुडी उलटीपालटी करत म्हणाली. "वजन होते ना. आमी बेतानंच लावतो."

"आमी? म्हंजे तू बी काय वं?"

"मंग!" आई म्हणाली, आणि दोन जुड्या पिशवीत टाकल्या.