देवळावरून जाताना

धरणाच्या पाण्यात होडी मध्यावर आली, की नावाडी तात्या सांगायचे, "चपला काढा, देऊळ आलं." खाली बुडालेलं गाव आहे. काठावरची चिंच मागच्या खिंडीत बरोबर मधोमध दिसली, की होडी देवळावर असते, ही त्यांची खूण. यंदा रस्त्यासाठी ती चिंच तोडली. बुडालेल्या गावाचा पत्ता त्या एका झाडावर होता.

परवा होडीत त्याच गावच्या सरूआक्का होत्या.

"तात्या, आलं का रं देऊळ?"

तात्यांनी वल्हं थांबवून काठाकडे पाहिलं. "आता नाही सांगता येत, आक्का."

"म्हातारा झालास की!" आक्का थट्टेनं म्हणाल्या, पण कुणी हसलं नाही.

आक्कांनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. होडी पैलतीराला टेकेपर्यंत कुणी पुन्हा घातल्या नाहीत.