म्हातारीची शेवटची नोंद

“तुझे मामा गेले रे,” एवढंच मामी फोनवर बोलली. नारपोलीच्या त्यांच्या खोलीवर पोचलो तर माणसं दाराबाहेरच उभी. शेवटचं दर्शन घ्यायचं होतं, पण आत जायला भीत होती. फळीवरच्या बरण्यांत मामाचे विंचू आणि कोळी होते...

सुधाकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. शाळा चौथीपर्यंत, मग तीस वर्षं कापडाच्या लूमवर. ड्युटीवरून आला की एकेक बरणी खाली काढायचा, मातीची ओल बघायचा, चिमट्यानं झुरळं द्यायचा. ती झुरळंही त्यानंच पाळलेली. शेजारचे चाचा म्हणायचे, “सुधाकर, यहाँ आदमी को जगह नहीं और तूने बिच्छू को फ्लॅट दिया.” मामा म्हणायचा, “चाचा, ये किराएदार झगडा नहीं करते.” एकदा पाठीवर पांढरी पिल्लं घेऊन बसलेली विंचवाची मादी दाखवायला त्यानं मला तासभर हलू दिलं नाही. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही प्राणीशास्त्रातला. ते वेड तिथलंच.

छातीत सुताची धूळ साचून मामा दवाखान्यात पडला, तेव्हा बाकीच्या बरण्या मामीनं सांभाळल्या. ‘म्हातारी’ मात्र त्यानं माझ्याकडे दिली. तळहाताएवढी केसाळ कोळ्याची मादी, नखाएवढी होती तेव्हापासून बारा वर्षं वाढवलेली. “ऐक विनय, ती कधी कधी...” तो सांगायला लागला. मी म्हणालो, “मामा, माझा विषयच आहे तो. मला नको शिकवू.” तो हसला, खोकला, आणि सांगायचं राहिलं.

दहा दिवसांनी म्हातारी उताणी पडलेली दिसली. बरणी हलवून बघितली, ती हलली नाही. मेली, असं मीच ठरवलं. पेपरात गुंडाळून धामणकर नाक्यावर कचऱ्याच्या गाडीत टाकली.

मामाला खरं ते सांगितलं. त्यानं एकच विचारलं, “पाय कसे होते? आत वळलेले?”

“नाही. पसरलेले.”

त्यानं नजर छताकडे वळवली, म्हणाला, “गेलीच असंल. वय झालं होतं तिचं. तू शिकलेला हायस, तुला कळतं.” आणि मामीकडे आपली बरण्यांच्या नोंदींची वही मागितली. चार दिवसांनी तो गेला.

आता महिना होऊन गेला. वज्रेश्वरीच्या बाजूच्या ज्या माळावरून त्यानं विंचू आणले होते, तिथल्याच दगडांखाली मी ते सोडून आलो. कोळी त्याच्यासारख्याच एका पाळणाऱ्यानं नेले. रिकाम्या फळीवर मामी काही ठेवत नाही. मामाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिनं ती वही माझ्या हातात दिली. म्हातारीच्या पानावर जवळजवळ दरवर्षी तीच ओळ आहे : ‘उताणी पडली. पाय पसरलेले. हात लावला नाही. कात टाकून उभी राहिली.’ पाय आत वळले तरच मेली समजावं, हेही कोपऱ्यात लिहिलंय. म्हणजे मी तिला जिवंत टाकली होती, आणि मामाला ते तिथेच, खाटेवर कळलं होतं.

पानाच्या तळाशी, सलाईन लावलेल्या हाताची वेडीवाकडी अक्षरं आहेत : ‘म्हातारी वारली. विनयने तपासली.’