गुरुवारी बघितलेलं चाकण

"शेवटच्या गाडीनं परत येता येईल, तेवढंच लांब जायचं," असं बाबा मला म्हणाले होते. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या लेखी जगाचे दोनच भाग होते: जिथून घरी यायला शेवटची गाडी मिळते तो, आणि उरलेला. मला तेव्हा ग्रंथपालाच्या दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक नागपूरला आणि एक इथं बार्शीत. मी बार्शीची घेतली. त्याचं वाईट वाटत नाही, कॉलेजच्या त्या ग्रंथालयात माझे दिवस चांगले गेले. पण वाक्य माझ्यापाशीच राहिलं, आणि या हिवाळ्यात माझ्या लेकीला दोन शहरांतून नोकरीची पत्रं आली तेव्हा ते पुन्हा जिभेवर येऊन बसलं.

तेजू मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एक नोकरी बंगळुरूची, गाड्यांच्या भागांचं संगणकावर डिझाइन करायची. दुसरी चाकणची, गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटी विभागात. बंगळुरूचा पगार जास्त, पण तिथलं घरभाडंही जास्त, म्हणजे त्यावरून काही ठरेना. दोन्हीकडे शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. "दोघींनी जाऊन बघा, मी निकाल ऐकतो," असं म्हणून तिचे बाबा आपल्या दुकानात निघून गेले.

बंगळुरू आम्ही आधीच बघून आलो होतो, या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना ते आठवत असेल. मला ते आवडलं होतं. मोठी झाडं, कॉफी, संध्याकाळची हवा, आणि बागेत बाकावर एकटी बसून पुस्तक वाचणारी मुलगी, जिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. तेजू तिच्याकडे बराच वेळ बघत होती. चाकणबद्दल मात्र तिच्या सीनिअर मुलींनी तिला घाबरवून ठेवलेलं. "चाकणला नोकरी होते गं. जगायचं असेल तर बंगळुरू." तिचा प्रश्न नोकरीचा नव्हताच. काम संपल्यावर तिथं करायचं काय, हा होता.

मी मनाशी एकच ठरवलं होतं. आपला कल चाकणकडे आहे हे तिला कळू द्यायचं नाही. बाबांचं वाक्य तर उच्चारायचंच नाही.

गुरुवार

कंपनीला न कळवता जायचं, ही कल्पना माझी. लग्नाचं स्थळ बघायला कसं, आधी सांगितलं की पडदे धुतलेले असतात. न सांगता गेलं की घर दिसतं. म्हणून मी गुरुवार-शुक्रवारची किरकोळ रजा टाकली आणि आम्ही बार्शीहून पहाटेची पिंपरी-चिंचवडची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे हा प्रवास अगदी स्वस्तात होतो. भिगवणला गाडी थांबते तिथं वडापाव घ्या, चहा घेऊ नका. वल्लभनगरच्या स्थानकात उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी तिथल्या वेळापत्रकाच्या फलकाचे दोन-तीन फोटो काढले. ब्लॉगसाठी.

तिथून रिक्षानं भोसरी आणि भोसरीहून नाशिक रस्त्यानं चाकणची सिटी बस. या रस्त्याची कोंडी इतकी ऐकली होती की मी पर्समध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, चिक्की आणि एक जाड कादंबरी घेतली होती. बस मोशी मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावरून सरळ गेली. कुठं अडकायचं नावच नाही.

"लोक उगाच बदनाम करतात," मी म्हटलं. तेजू खिडकीबाहेर बघत होती. "आई, फार शांत नाही वाटत?"

चाकणला तळेगाव चौकात उतरून शेअर रिक्षा केली. आत एमआयडीसीचे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उभे ट्रक, पण ट्रकमध्ये माणूस नाही. चहाच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या. कंपनीचं गेट बंद होतं आणि आत एक सिक्युरिटीवाले काका खुर्चीत बसून शेंगा सोलत होते.

"आज कंपनी बंद हाय, म्याडम," ते म्हणाले. "गुरुवार हाय की."

"गुरुवारी कसं काय बंद?"

"हितं गुरुवारीच सुट्टी आसती. चाकण काय, भोसरी काय, बहुतेक समद्यांला. लाइटीची कामं काढतेत त्या दिवशी. कुठून आलाव?"

"बार्शीहून."

"आरं देवा! आमी वाशीचे, तुमच्या बार्शीजवळच्या. म्हंजी आपल्याच की तुमी." त्यांनी खुर्ची माझ्यासाठी सरकवली आणि ओंजळभर शेंगा तेजूच्या हातावर ठेवल्या. "बगा, पन काय बगताव? आत्ता आत ड्युटीवर निस्ती कुत्री हायत."

तेजूनं गेटच्या जाळीतून आत बघितलं. राखाडी पत्र्याची लांबच लांब शेड, रिकामं पार्किंग, वाऱ्यावर उडणारा एक प्लॅस्टिकचा तुकडा. तिचा चेहरा मला कळतो. "बागेतलं बाक आठवतंय," ती हळूच म्हणाली. मी एक शेंग सोलून तोंडात टाकली. शेंगा मात्र ताज्या होत्या.

मुक्काम भोसरीला अफसानाकडे होता. अफसाना माझ्या ग्रंथालयातली जुनी विद्यार्थिनी. तिच्या नवऱ्याचं दुचाकींचं गॅरेज आहे आणि गल्ला, हिशेब, गिऱ्हाइकांशी भांडणं हे सगळं ती बघते. मी फोनवर घडलेलं सांगितलं तर ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम, गुरुवारी कंपनी बघायला? अहो, गुरुवार म्हणजे आमचा रविवार! लवकर या इकडे, आमच्याकडे आज पाय ठेवायला जागा नाही."

खरंच नव्हती. चाकणची सगळी माणसं इथं येऊन उतरली होती म्हणायची. आठवडाभर शिफ्टला पळणाऱ्या मोटरसायकली आणि स्कूटर गॅरेजबाहेर ओळीनं उभ्या. सलूनबाहेर बाकडी भरलेली, भाजीवाल्यांपाशी रेटारेटी, समोरच्या कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा. वर बघितलं तर प्रत्येक गच्चीवर दोऱ्याच दोऱ्या आणि त्यांवर धुतलेले युनिफॉर्म. निळे, राखाडी, खाकी, एका दोरीवर तर ओळीनं बारा-पंधरा केशरी. मी पुष्कळ गावांत बाजाराचा दिवस बघितलाय, पण पुरी वस्ती एकदमच सुट्टीवर आलेली कधी बघितली नव्हती.

गॅरेजवरच्या दोन मजल्यांत कंपन्यांत काम करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात. इमारत भोसरीतल्याच एका जुन्या घराण्यातल्या काकूंची. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. अफसानानं ओळख करून दिल्यावर त्यांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बेस्तरवारी चाकण बघाया गेल्ती व्हय? मंग काय, शेडचं पत्रं मोजून आलात?"

तेवढ्यात एक मुलगी आपली स्कूटर न्यायला आली. शीतल, परभणीची. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तेजूचं लक्ष गेलं. तीच दिव्यांची कंपनी.

"सुट्टीच्या दिवशीपण आयकार्ड?" तेजूनं विचारलं.

"आज तर पाह्यजेच. आज आमची त्या वायरिंगच्या कंपनीवाल्यांसोबत मॅच हाय, कोण कुणाकडची ते कळाया पाह्यजे." शीतलनं तेजूला नीट न्याहाळलं. "ताई, बॉलिंग येती का तुम्हाला? आमची बॉलर गावाकडं गेलीय, भावाच्या लग्नाला."

"कॉलेजात टाकायचे."

"मग या की! कंपनीत नंतर या, टीममधी आधी या."

मॅच रस्त्यावर होती. गुरुवारी भोसरी एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, मैदानच की ते. स्टंप म्हणून अफसानाच्या गॅरेजमधले ऑइलचे रिकामे डबे, एकावर एक. मुली पंचवीस-तीस, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, कुणी ट्रॅक पँटमध्ये, कुणी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. मी तेजूची पर्स आणि चपला सांभाळत कडेला उभी होते, तर वायरिंगवाल्यांची कॅप्टन माझ्याकडे आली.

"काकू, तुम्ही अंपायर व्हा. तुम्ही कुणाच्याच नाहीत."

"अगं, मी त्या नव्या बॉलरची आई आहे."

"मग तर चालतंय. आई कधी लेकीच्या बाजूनं निकाल देती का!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते मला जरा लागलंच.

शेवटच्या षटकात वायरिंगवाल्यांना चार धावा हव्या होत्या आणि चेंडू तेजूच्या हातात आला. पहिलाच चेंडू बॅटपासून हातभर लांबून गेला. मी दोन्ही हात पसरले. वाईड. तेजूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या डब्यात कारल्याची भाजी दिलीय.

"ओ अंपायरबाई," खुर्ची घेऊन मॅच बघायला आलेल्या काकू ओरडल्या, "वाईड कुठं हुता त्यो? सोताच्या लेकीला तरी नीट बघा!"

पुढच्या चेंडूवर एक धाव. मग एक हुकला, मग आणखी एक धाव. शीतल लांबून ओरडत होती, "ताई, डब्ब्यावर! नुसतं डब्ब्यावर!" तेजू मागे गेली, ओढणी घट्ट केली आणि धावत आली. डबे असे काही खणखणत पडले की शेजारच्या गल्लीतले लोक बाहेर आले. त्यांची शेवटची जोडी होती ती. जिंकलो! मुलींनी तेजूला अक्षरशः उचललं. या सगळ्या तिला तासाभरापूर्वी ओळखत नव्हत्या आणि आता तिच्या नावानं ओरडत होत्या. मी अंपायर होते म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्सवर बोटं वाजवली फक्त.

संध्याकाळी गच्चीवर शीतल दोरीवरचे युनिफॉर्म काढून घड्या घालत होती. तेजू तिला मदत करत एकेक प्रश्न विचारत होती. शिफ्ट कशी बदलते, कंपनीची बस दारापर्यंत येते का, खोलीत किती जणी, साहेब कसे. शीतल काही लपवत नव्हती. उन्हाळ्यात शेडमध्ये तापतं. रात्रीच्या शिफ्टनंतर दिवसा झोप लागत नाही. बस चौकात सोडते, तिथून घोळक्यानं चालत येतात. "पहिल्या वर्षी मी गुरुवारी नुसती झोपायचे," ती म्हणाली. "आता मला गुरुवार पुरत नाही."

ते ऐकलं आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुवार. तेजूची सुट्टी गुरुवारी. माझी रविवारी.

मी इतके दिवस अंतर मोजत होते. बार्शीहून निघालं की दुपारच्या आत इथं, संध्याकाळी परत. पण ती घरी असेल तेव्हा मी ग्रंथालयात, आणि मी मोकळी असेन तेव्हा ती शेडमध्ये. त्यापेक्षा बंगळुरू बरं. शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी, रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी तिच्या दारात.

शीतल खाली गेल्यावर मी ते तेजूला सांगितलं. सांगताना आवाज साधा ठेवला.

"माझ्या लक्षात आलं होतं, गेटपाशीच," ती म्हणाली. "आणि आजोबांचं वाक्य मला माहीत आहे, आई. तू ते बोलली नाहीस, मान्य. पण कुणी ब्लॉगसाठी परतीच्या गाड्यांच्या वेळापत्रकाचे फोटो काढतं का? तेही झूम करून?"

दोघी हसलो. मग मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला स्वतःलाच हलकं वाटलं, "आता मला दोन्हीकडून सारखंच गैरसोयीचं आहे. म्हणजे तू माझा विचार न करता ठरवू शकतेस."

शुक्रवार

अफसानानं तिची स्कूटर दिली. तेजू पुढे, मी मागे. काल ज्या रस्त्यानं भुर्रकन गेलो होतो त्याच रस्त्यावर आज कंटेनरला कंटेनर लागलेला. कुरुळीजवळ इतका वेळ थांबलो की शेजारच्या टेम्पोवाल्या दादांनी मला चिक्कीच्या बदल्यात पेरू दिला. लोक बदनाम करतात ते उगाच नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

गेटवरच्या वाशीच्या काकांनी आम्हाला लांबूनच सलाम केला. आत एका तरुण मॅडमनी तेजूचं नोकरीचं पत्र बघून कंपनी दाखवली. पायांत मोठे सेफ्टी शूज, डोक्यावर हेल्मेट, जमिनीवर पिवळे पट्टे आणि त्या पट्ट्यांच्या आतूनच चालायचं. काल मेलेली वाटलेली ती शेड आज गुणगुणत होती. लाइनवर शीतल उभी होती. तिनं मान न वळवता, फक्त भुवया उडवून ओळख दिली.

तपासणीच्या टेबलापाशी तेजूनं एक तयार दिवा उचलला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ फिरवून बघत राहिली. मग म्हणाली, "इथं एक बारीक रेघ आहे." तिथल्या साहेबांनी चष्मा सारखा केला, दिवा हातात घेतला आणि तो बाजूच्या लाल क्रेटमध्ये ठेवला. "कधीपासून येताय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या तारखेपासून," तेजू म्हणाली.

असं ठरलं ते. मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मान खाली घालून मी जे काही हसत होते ते हेल्मेटमुळे कुणाला दिसलं नाही, बरं झालं.

परतीच्या एसटीत मी कारण विचारलं. "बंगळुरूत मी तो दिवा पडद्यावर बघितला असता," ती म्हणाली. "इथं हातात घेता येतो. आणि पुढच्या गुरुवारी वायरिंगवाल्यांशी परत मॅच आहे, शीतलनं माझं नाव देऊनसुद्धा टाकलंय."

घरी

तुमच्यापैकी कुणाच्या मुलामुलीला अशी दोन शहरांतून निवड करायची असेल तर एवढंच सांगते. चाकणला जायचं तर गुरुवारी जा आणि शुक्रवारपर्यंत थांबा. गुरुवारी माणसं दिसतात, शुक्रवारी रस्ता. भोसरीत दोघी-तिघींत मिळून खोली परवडते, कंपनीची बस कुठवर सोडते ते आधी विचारा, आणि मालकीणबाई सामने बघणाऱ्या असतील तर उत्तम. बंगळुरूला मी नावं ठेवणार नाही. बागेतलं ते बाक कुणाच्या तरी लेकीसाठी अगदी योग्य असेल. माझी लेक बाकावर बसणारी निघाली नाही, हे मला ऑइलचे डबे पडल्यावर कळलं.

बाबांचं वाक्य अजून आहे. त्यांनी फक्त अंतराचा विचार केला होता. वार त्यांच्या हिशेबात नव्हता, कारण एसटी सातही दिवस धावते.

उद्या सोमवार. आमचे प्राचार्य शिस्तीचे आहेत. वाचनकक्ष संध्याकाळी उघडा ठेवायला त्यांनी नकार दिला, माझ्या टेबलावरचा पंखा खिडकीकडे सरकवायलाही नकारच दिला. उद्याही ते चष्म्यावरून बघतील, विद्यापीठाच्या नियमांचं नाव घेतील आणि नाही म्हणतील, हे मला माहीत आहे. तरी अर्ज लिहून तयार आहे, आणि तोंडानंही विचारणार आहे: "सर, मुलांना अभ्यासाला वेळ रविवारीच असतो. आपलं ग्रंथालय रविवारी उघडं ठेवून सुट्टी गुरुवारी घेता येईल का?"