सुईणआत्याचा संशय

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते चऱ्होलीच्या सुईणआत्याचे. माझी नाळ तिने कापली. पण त्याहून मोठे म्हणजे, बी.एस्सी. होऊनही मला न आलेली एक गोष्ट तिने शिकवली. संशय घेणे. खेडच्या शाळेपासून मी, छापलेले ते खरे, असेच मानत आलो होतो. आत्याचा कशावरच विश्वास नसे. "बाळ पोटभर प्यायलं," असे एखादी आई म्हणाली, तरी आत्या म्हणे, "आयांना झोप आली की पोरांची पोटं भरत्यात!"

छप्पन-सत्तावन्न साल असेल. चिंचवडला माझ्या ताईला मुलगी झाली; बाळंतपणाला आलेली आत्या तिथेच राहिली होती. तापात ताईचे दूध आटले. डॉक्टरांनी डब्यातली भुकटी सुचवली. डब्यावर छापले होते, 'आईच्या दुधासमान'. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"ह्ये छापलं कुणी?" आत्याने विचारले.

"कंपनीने."

"म्हंजी इकणाऱ्यानंच. आन् तुला पटलं व्हय रं, बाटलीवाल्या?"

पिंपरीच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत लागलो होतो, म्हणून हे नाव.

काही महिन्यांत मुलीचे पोट फुगले, अंग वाळत चालले. यकृत वाढले आहे, डॉक्टर म्हणाले. आत्या डब्याकडे बघत राहिली. "तुझ्या नळ्या काय शोभंला हायेत? बघ की, दुधात काय हाय." शेजारच्या लेकुरवाळीकडून तिनेच अर्धी वाटी अंगावरचे दूध मागून आणले. ते आणि ताईने बाळासाठी कालवलेले दूध, दोन्ही आटवून, जाळून मी राख तपासली. कालवलेल्या दुधात तांबे कितीतरी जास्त निघाले.

"आत्या, तुझंच खरं. डबाच वाईट!" मी धावत येऊन सांगितले.

तिने माझ्याकडेही संशयानेच पाहिले. "भुकटी कोरडी तपासलीस?"

"नाही."

"दूध कशात कालवतीस गं?" तिने ताईला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता चुलीपाशी जाऊन पितळेचे पातेले उजेडात धरले. आतली कल्हई पार उडाली होती. त्यातच दूध उकळून ताई दिवसभर ठेवत असे.

"बाळंतपणाच्या गडबडीत कल्हई राहिली," ताई रडू लागली. आत्याने तिला जवळ घेतले.

कोरड्या भुकटीत तांबे आईच्या दुधाहून कमीच निघाले; म्हणजे ते पातेल्याच्या पितळेतून दुधात उतरत होते. मी ओशाळून तसे सांगितले.

"कमी? मंग ते तरी बराबर कसं?" आत्या म्हणाली. मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

त्या दिवसापासून दूध काचेच्या भांड्यात कालवले जाऊ लागले. आत्या गावी परतली. पुढे मी तिला लिहिले:

"ती. सुईणआत्यास शि. सा. नमस्कार. दोष पातेल्याचाच होता, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत, आणि मीही सांगत नाही. भुकटीत आणखी काय काय कमी आहे, ते तपासतो आहे. मुलगी काल भिंत धरून उभी राहिली. हे मी स्वतः पाहिले. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही."