मुखपृष्ठांचे आचरेकर

आचरेकर कुठलंही मासिक हातात घेतलं की शेवटच्या पानापासून उघडायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. मनामातल्या एका जाहिरात कंपनीत माझा पहिला दिवस होता. मी वसईची, तेवीस वर्षांची, नवऱ्याच्या मागोमाग बहारीनला आलेली टायपिस्ट. खिडकीपाशी उतरत्या टेबलावर वाकून एक पन्नाशीचा माणूस अरबी सचित्र मासिक चाळत होता. मला वाटलं, यांना अरबी येत असणार. मी हिंदीत तसं विचारलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वसई की उत्तन?"

"वसई."

"मग मराठीत विचारा की, बाई. अरबी मफी, एक अक्षर येत नाही. पण आपल्याकडे मी मासिक मागून उघडतो म्हणून लोक हसतात. इथे सगळा देशच त्या बाजूने उघडतो."

रघुनाथ आचरेकर मूळचे मालवणकडचे. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी गिरगावात काढली होती. तिथे ते मासिकांची मुखपृष्ठं आणि आतल्या जाहिराती रंगवत. पुढे मुखपृष्ठांवर नट्यांचे फोटो येऊ लागले, रंगवणाऱ्याची गरज उरली नाही, आणि इतर हजारोंसारखे तेही आखाताच्या वाटेला लागले. आमच्या ऑफिसात त्यांचं काम चित्रकाराचं नव्हतंच. छापून आलेला मजकूर आणि चित्रं कापायची, पुठ्ठ्यावर सरळ रेषेत चिकटवायची, कुठे कुठला रंग यायला हवा ते कडेला लिहायचं आणि पान छापखान्यात पाठवायचं. एअरकंडिशनर, अत्तरं, घड्याळं, टीनमधलं दूध. दिवसभर कात्री चालायची. "चित्रकाराचा शिंपी झाला," असं ते स्वतःच म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

बाजारामागच्या गल्लीत एका खोलीत ते दोन ड्रायव्हर आणि एका स्वयंपाक्याबरोबर राहत. त्यांच्या कॉटखाली पत्र्याची मोठी ट्रंक होती. तिच्यात मराठी सचित्र मासिकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं होती, आतून कापलेली जाहिरातींची पानं होती. प्रत्येक मुखपृष्ठ पातळ कागदात गुंडाळलेलं, वर डांबराच्या गोळ्या. रजेवर गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "माझ्यासाठी लोणचं नको, पापड नकोत. रद्दीवाल्याकडे जुनी मासिकं बघ." लोक हो म्हणायचे आणि लोणचंच आणायचे. तरीही दर वर्षी दोन-चार पानांची भर पडायची.

त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. मराठी मासिकांच्या मुखपृष्ठांचा आणि जाहिरातींचा इतिहास. माझं अक्षर बरं आहे हे कळल्यावर त्यांनी महिनाभर धीर गोळा केला आणि एक दिवस चार वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "पक्की प्रत करून द्याल? घाई नाही."

तेव्हापासून शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चर्चमधल्या मिसाहून परतलो की ते आमच्याकडे जेवायला येत, आणि दुपारी मी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसे. ते समोर एकेक मुखपृष्ठ उलगडून धरत. सतार घेऊन बसलेली नऊवारीतली बाई. मग तीच बाई पाचवारीत, हातात टेनिसची रॅकेट. युद्धाच्या वर्षांतलं एकरंगी मुखपृष्ठ, कागद इतका पातळ की मागचं छापलेलं पुढे दिसावं. स्वातंत्र्यानंतरची धरणं आणि गव्हाच्या ओंब्या. मग टेलिफोन कानाला लावून हसणारी बाई. "हिच्या घरी फोन नव्हता," आचरेकर सांगत. "आमच्या अख्ख्या चाळीत नव्हता. लाकडाचा ठोकळा काळा रंगवून तिच्या हातात दिला होता."

जाहिरातींवर तर ते तासन्‌तास बोलायचे. केसांचं तेल, बाळाचं औषध, डोकेदुखीचा बाम, अशक्तपणावरचं टॉनिक. मी एकदा म्हटलं, "काका, या जाहिराती कशाला पुस्तकात? लोक गोष्टी वाचायला मासिक घेत होते."

"गोष्ट वाचून लोक काय बोलत होते ते कळतं," ते म्हणाले. "त्यांच्याकडे काय नव्हतं, ते जाहिरातीत बघायचं. एका वर्षी सगळ्या मासिकांत टॉनिकच्या जाहिराती आहेत. का? खायला नव्हतं, फिलू. पण तसं कोणी लेखात लिहिलेलं नाही."

त्या दिवशी मी पहिल्यांदा 'बाई'ची फिलू झाले.

ट्रंकेतलं एक मुखपृष्ठ ते फार क्वचित काढत. दिवाळी अंकाचं होतं. पायरीवर बसून एक बाई पायातला काटा काढतेय, बाजूला पणत्यांचं ताट, ताटातली एक पणती कलंडलेली. दिवाळी अंकावर असं काट्याचं चित्र कोणी काढलं असेल असं मला वाटलं नव्हतं. हे चित्र आपलं आहे, असं ते म्हणत. चित्रावर सही नव्हती, आत नाव नव्हतं. तेव्हा नाव छापलं जायचं ते ज्याच्या स्टुडिओला काम मिळालं असेल त्याचं, आणि या अंकात तेही नव्हतं. त्यांनी त्या मासिकाला पत्र लिहून विचारलं होतं. जुने कागद आता शिल्लक नाहीत, असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते पत्रही त्यांनी मुखपृष्ठाबरोबरच ठेवलं होतं.

"तुम्हीच काढलंय, मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"तुला कसं ठाऊक असणार?" ते म्हणाले. रागावून नाही. खरंच विचारल्यासारखं.

पक्की प्रत तयार व्हायला तीन वर्षं लागली. रजेवर जाताना ती आम्ही पुण्यातल्या एका प्रकाशकाकडे दिली. माणूस सभ्य होता. त्यांनी सविस्तर पत्र पाठवलं. पुस्तक चांगलं आहे, पण चित्रं रंगीत छापणं आमच्या आवाक्यात नाही. जाहिरातींचा भाग वगळून, चित्रांशिवाय, फक्त मजकूर निम्मा करून दिलात तर विचार करू. मला वाटलं, आचरेकर ते पत्र फाडून टाकतील. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "निम्मा करू या."

जाहिरातींचं प्रकरण त्यांनी स्वतःच्या हाताने कापलं. जो माणूस लोकांच्या शिव्या खात एवढी वर्षं त्या जाहिरातींची बाजू घेत होता, त्याला एका दुपारी पानांवर फुल्या मारताना बघणं कठीण होतं. सायमन, माझा नवरा, त्यांना म्हणाला, "आचरेकर, राहू द्या. दुसरा कोणी प्रकाशक बघू." ते म्हणाले, "दुसरा कोण आहे?" निम्मी केलेली प्रत पुन्हा गेली. आठ महिन्यांनी परत आली. चित्रांशिवाय मुखपृष्ठांचं पुस्तक वाचकांना समजणार नाही, असं प्रकाशकांचं मत पडलं होतं.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. साखरेचा आजार जुनाच होता, आणि औषधांच्या बाबतीत ते इंशाल्लावर चालायचे. एक दिवस त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "हा पिवळा आहे की पांढरा?" पिवळा होता. चांगला हळदीसारखा पिवळा. पुढे हे रोजचं झालं. मी त्यांच्या रंगांच्या ट्यूबवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या. ते पान तयार करत, मी पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्ताने जाऊन बघत असे. दीड वर्ष आम्ही हे लपवलं. सायमन ज्या दवाखान्यात नोकरीला होता, तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याने त्यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

आमची कंपनी एका हॉटेलसाठी त्रैमासिक काढायची. त्याच्या मुखपृष्ठाचं पान तयार झालं तेव्हा माझ्या मुलीला ताप होता आणि मी चार दिवस घरी होते. परत आले तोवर सगळ्या प्रती छापून आल्या होत्या. मुखपृष्ठावर एक नवरी होती, आणि तिचा चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवट पिवळा. आमचा मॅनेजर लेबनानी होता, वाईट माणूस नव्हता. त्याने अंक आचरेकरांसमोर धरला आणि इंग्रजीत विचारलं, "रघु, तुला काय दिसतं?"

आचरेकरांनी अंक डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "नवरी आहे, साहेब."

"रंग?"

त्यांनी अंक पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मी बोलायला पुढे झाले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. मॅनेजरने अंक टेबलावर ठेवला. "खलास, रघु," तो म्हणाला.

व्हिसा रद्द व्हायला महिना लागला. विमानात वीस किलो सामान नेता येणार होतं, ट्रंक त्याच्या तिप्पट जड. "तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "पुढेमागे बोटीने पाठव. एकच कर, खोली गार ठेव. हा गुळगुळीत कागद आहे. दमट हवा लागली की एकमेकांना चिकटतो, मग सुटत नाही." आम्ही तेव्हा मनामाबाहेर, सनद नावाच्या वस्तीत मोठ्या घरात राहायला गेलो होतो. ट्रंक मागच्या खोलीत ठेवली. विमानतळावर त्यांनी सायमनचा हात धरला होता, कारण पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

बोटीने पाठवायचं राहत गेलं. कधी ओळखीचं कोणी नव्हतं, कधी माझी ड्यूटी, कधी मुलीची शाळा. दोन वर्षं गेली. त्या उन्हाळ्यात सायमनचे वडील गेले आणि आम्ही घाईघाईने वसईला निघालो. निघताना सायमनने घरातली सगळी बटणं बंद केली, मागच्या खोलीतल्या एअरकंडिशनरचंही. मी बघत होते. ट्रंकेचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही. नऊ आठवड्यांनी परतलो. मुलगी धावत आत गेली आणि ओरडली, "ममा, इट्स स्मेलिंग!" भिंतींना बुरशी आली होती. मी ट्रंक उघडली. तळापासून वरपर्यंत मुखपृष्ठांची एकच वीट झाली होती. मी सुरी घातली, वाफ दिली, पाण्यात भिजवलं. जिथे सुटलं तिथे चेहरे दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे निघाले. सायमन दाराशी उभा राहून म्हणाला, "बटण मी बंद केलं." मी म्हटलं, "मला माहीत होतं ना."

वाचली ती फक्त खडबडीत स्वस्त कागदावरची पानं. आतल्या जाहिराती. जेमतेम तीस.

पत्रात हे लिहायचं धाडस झालं नाही. पुढच्या रजेत मी ती पानं घेऊन त्यांच्या गावी गेले. बायको पूर्वीच वारली होती, मुलगा सुरतेला. आचरेकर विधवा बहिणीकडे राहत होते. पडवीत खुर्चीवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे उघडे, पण बघणं कुठेच नाही. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. बहीण चहा ठेवायला आत गेली आणि मी सगळं सांगून टाकलं. एका दमात. थांबले असते तर सांगता आलं नसतं.

मग ते, गावाकडे साथ येऊन गेल्यावर माणसांची चौकशी करावी तसे विचारू लागले. बहारीनला कधी बोलले नव्हते अशा मालवणीत.

"सतारवाली?"

"गेली, काका."

"रॅकेटवाली?"

"गेली."

"फोनवाली?"

मी मान हलवली, मग लक्षात आलं आणि म्हटलं, "तीही."

असं किती वेळ चाललं. एकाही चित्राचं नाव ते विसरले नव्हते. मी प्रत्येकाला गेलं म्हणत होते. काटा काढणाऱ्या बाईबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी वाट पाहत राहिले, ते विचारतील म्हणून. शेवटी मीच ती जाहिरातींची पानं त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी वरच्या पानावरून बोटं फिरवली, कागद कुठला ते ओळखलं आणि पानं परत माझ्या हातात दिली.

"ह्यांचा मी काय करू, गो?" ते म्हणाले. "आणि तू तरी काय करतलंस?"

मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तू मुद्दाम केलंस काय? नाय ना?" पण "असू दे" असं काही म्हणाले नाहीत. तेवढं म्हणावं म्हणून मी आणखी अर्धा तास बसले. चहा झाला. बहिणीने फणसाचे गरे पुढे केले. सायमन कसा आहे, मुलगी मराठी बोलते का, हे त्यांनी विचारलं. बोलत नाही, समजतं तिला, असं मी सांगितलं.

एसटीची वेळ झाली तेव्हा ते भिंतीला हात लावत पडवीच्या टोकापर्यंत आले. मी खाली वाकून पाया पडले. आमच्यात तशी रीत नाही, पण पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"पोचलंस की पत्र टाक," ते म्हणाले. मग आतल्या दिशेने, बहिणीच्या आवाजाकडे, तोंड वळवलं. तिला अक्षरओळख नव्हती. "वाचून दाखवूक कोण नाय. पण टाक."

मी टाकलं. पुढच्या वर्षीही टाकलं. मग त्यांच्या मुलाचं सुरतेहून दोन ओळींचं कार्ड आलं, वडील पौषात वारले म्हणून. कपाटात न फोडलेली दोन पाकिटं सापडली, ती कुठे पाठवू, असं खाली विचारलं होतं.