रविवारी शिकारीला या

रविवारी सकाळी साडेसातला रिक्षा दाराशी येऊन उभी राहिली, तरी जायचं की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि त्यावर शेजारच्या वासूअंकलनी दिलेली जीन्स पॅक करायची जाड प्लास्टिकची पिशवी बायकोने सुतळीने करकचून बांधली होती. हातात कुबडी, गळ्यात शबनम, शबनममध्ये कांदा-लसूण मसाल्याची बाटली. अशा थाटात माणूस शिकारीला निघालेला मी तरी पाहिलेला नाही.

हे कसं झालं ते आधी सांगायला हवं. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, एका कारखान्यात मेंटेनन्सचा साहेब. राहायला उल्हासनगर कॅम्प पाचला, कारण वीस वर्षांपूर्वी तिथे जागा मिळाली आणि मग हलायचा कंटाळा आला. आठवड्यापूर्वी हिरामणचा फोन आला. हिरामण आमच्या शेडमधला क्रेन चालवणारा, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, ठेकेदाराकडे कंत्राटावर. "साहेब, आखाड संपत आला. रविवारी शिकारीला या आमच्याकडं."

आमच्या सातारकडे शिकार म्हणजे मटण. रविवारी घराघरातून विचारतात, काय, आज शिकार का? त्यामुळे आखाडात कुणी शिकारीला बोलावलं तर त्याचा दुसरा काही अर्थ असतो हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी ऐटीत म्हणालो, "शिकार म्हणजे आपला जीव की प्राण. लहानपणी आमच्याकडे दर रविवारी असायची."

"दर रविवारी?" हिरामणचा आवाज एकदम आदराचा झाला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

शुक्रवारी पुन्हा फोन. "साहेब, जुनी पँट घालून या. आन पाय जपा. ती एकदा धरली का सोडत नाय. गेल्या वर्षी भावाचा अंगठा फोडला. पोटात पिल्लं असली तर मात्र आमी सोडून देतो, पाप नको."

फोन ठेवला. मटण अंगठा कसा फोडेल? खाली वासूअंकलच्या दुकानात गेलो. हे आमचे सिंधी शेजारी, जीन्स शिवून घेण्याचा धंदा, सगळ्या विषयांतले जाणकार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली. "साईं, वो सुअर की बात कर रहा है. पिल्लेवाली सुअरनी. जंगलखातेवाले अंदर कर देंगे. और आप तो एक टांग पे भाग भी नहीं सकते."

मग फोन करून सरळ विचारलं का नाही, असं कुणीही म्हणेल. बायकोही म्हणाली. पण दर रविवारची बढाई मारून बसल्यावर 'शिकार म्हणजे नक्की काय' हे कुठल्या तोंडाने विचारणार? आणि नुसती लाजेचीच गोष्ट नव्हती. माझा पाय मोडला होता तो हिरामणच्याच क्रेनखाली.

आमच्या शेडमध्ये क्रेनचं काम तोंडी चालतं. खलाशांचे जुने शब्द आहेत: हबेस (वर घे) आणि आरिया (खाली सोड). साहेब असो की हेल्पर, हेच बोलायचं आणि क्रेनवाल्याने तेवढंच ऐकायचं. त्या दिवशी टाकीचं लोखंडी झाकण वर टांगलेलं होतं, मी खाली उभा राहून बोल्ट बघत होतो. आमचे निवृत्त झालेले स्टोअरकीपर सावंतकाका नातवाच्या बारशाचे लाडू घेऊन नेमके तेव्हाच दारात उभे राहिले. मी त्यांच्याकडे वळलो, आणि झाकण खाली आलं. पुढचं मला नीट आठवत नाही. पण मी आरिया म्हटलं नव्हतं, एवढी माझी खात्री होती. देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं.

सोमवारी मला अपघाताचा जबाब छापील फॉर्मवर द्यायचा होता. कच्चा मसुदा लिहूनही झाला होता: 'मी कोणताही इशारा दिला नसताना क्रेनचालकाने वजन खाली सोडले.' हे एक वाक्य साहेबलोकांच्या टेबलावर गेलं की हिरामणचं कंत्राट संपणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मग हे बोलावणं कशासाठी? माफी मागायला? मला मऊ करायला? की डुकराच्या तोंडी द्यायला? गेलो तर शेडमध्ये म्हणणार, साहेब एका जेवणाला विकला गेला. नाही गेलो तर हिरामण म्हणणार, साहेबांनी मनात धरलं. मला त्याचा राग येत होता, हे खरं आहे. त्याच्या दोन लहान मुली डोळ्यांपुढे येत होत्या, हेही खरं आहे. शेवटी मी मसुद्याची घडी पँटच्या खिशात घातली. त्याच्या माघारी तो देऊन टाकायचा नव्हता. तोंडावर वाचून दाखवीन आणि परत येईन, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग मसाल्याची बाटली कशाला नेताय?" मी बाटली शबनममध्ये आणखी खाली सरकवली.

रिक्षावाला बोलका निघाला. अंबरनाथ येईपर्यंत त्याने माझ्या पायाची सगळी हकीकत काढून घेतली. फाटकाच्या अलीकडे मी म्हणालो, "परत फिरव." त्याने मुकाट्याने रिक्षा वळवली. दोन मिनिटांनी मी म्हणालो, "नको, चल बदलापूरला." त्याने पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा तो म्हणाला, "काका, पैले फिक्स करा. मी चहा मारून येतो तवर." तो खरोखरच टपरीवर गेला. मी मागे बसून प्लास्टरकडे बघत राहिलो आणि तो परत आला तेव्हा बदलापूर म्हणालो. ठरवलं असं नाही, फक्त तो शब्द आधी तोंडात आला.

बदलापूर पश्चिमेला नव्या इमारती संपल्या की उल्हास नदीचा पूल लागतो. नदी गढूळ आणि तुडुंब होती. पुलानंतर हवा बदलते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आवणी (रोपं उपटून चिखलात लावायचं काम) बहुतेक आटोपलेली, आणि कोवळ्या हिरव्याच्या मागे डोंगरावर ढग बसलेले. एरवी मी रिक्षा थांबवून बघत राहिलो असतो. त्या दिवशी प्रत्येक झुडूप हलताना मला त्यात दोन सुळे दिसत होते.

धरणाच्या अलीकडे पोलिसांचं नाकं होतं. पावसात पोरं धबधब्यांवर जाऊन जीव घालवतात म्हणून सहलवाल्यांना परत पाठवत होते. हवालदार आत डोकावला. "कुठे?"

शिकारीला, असं अगदी ओठांवर आलं होतं. "जेवायला," मी म्हणालो.

त्याने प्लास्टर पाहिलं, कुबडी पाहिली, बाटली पाहिली. बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि शिंकला. "जा," तो म्हणाला.

हिरामण पाड्याच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती, भाला नव्हता. पुढून वाकवलेली एक लोखंडी सळी होती आणि कमरेला झाकणाची टोपली. मी विचारलं, "हत्यार एवढंच?"

"चिंबोरीला अजून काय लागतं, साहेब?" तो म्हणाला. "तुमच्याकडं कशानं काढतात?"

चिंबोरी म्हणजे खेकडा. दगडाच्या बिळात सळी घालून बाहेर काढायचा, पोटाखाली पिल्लं असलेली मादी सोडून द्यायची, आणि नांगीपासून अंगठा सांभाळायचा. मला एवढं हलकं वाटलं की मी कुबडीसकट रिक्षातून जवळजवळ पडलोच. मग मी सातारची शिकार काय असते ते कबूल करून टाकलं. हिरामण आणि त्याचा भाऊ जनार्दन इतके हसले की घरातून त्यांची आई बाहेर आली. तिलाही सांगावं लागलं. ती हसली नाही. "म्हंजे मटान नाय म्हून पावना उपाशी जानार का?" एवढंच तिने विचारलं.

खिशातल्या कागदाचं मात्र ओझं तसंच होतं. काढू म्हणत होतो आणि काढवत नव्हतं. घरामागे गुडघाभर पाण्याचा ओहोळ होता, पलीकडे एक सपाट कातळ. तिथे साहेबांना बसवायचं, म्हणजे त्यांना शिकार नीट दिसेल, असं दोघा भावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी म्हणालो, पाय ओला करायचा नाही. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, मला तीत बसवलं आणि दोन्ही बाजूंनी उचललं. जनार्दन थोडा वाकडा झाला तसा हिरामण सवयीने म्हणाला, "हबेस, हबेस," आणि खुर्ची सरळ वर आली. मी गणपतीसारखा मांडीवर हात ठेवून ओहोळाच्या मध्यावर पोचलो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ टोपली घेऊन झाडीतून बाहेर आले. हिरामणचे वडील. माझी त्यांची ओळख नव्हती, पण चेहरा अगदी हिरामणचाच. मी दोन्ही हात जोडले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "अरे या, या."

खुर्ची खाली आली. सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखी, अगदी कामाच्या शिस्तीत मला त्यांनी पाण्यात ठेवलं. पाणी कमरेपर्यंत आलं. जीन्सची पिशवी फुगून वर तरंगली आणि प्लास्टर कोरडं राहिलं.

"अरे, खाली का सोडलंत?" मी ओरडलो.

हिरामण गोंधळून माझ्याकडे बघत होता. "तुमीच बोल्लात ना, साहेब. आरिया."

"मी तुझ्या वडलांना या म्हणालो."

पाणी पँटमधून वाहत होतं आणि मला सावंतकाका दिसत होते, शेडच्या दारात, हातात लाडवांचा डबा. मी त्यांच्याकडे वळलो होतो. त्यांना काय म्हणालो होतो मी? मी आल्या माणसाला काय म्हणतो? गेली वीस वर्षं, घरी, दारी, कारखान्यात, मी एकच म्हणत आलो आहे.

हिरामणच्याही डोक्यात तेच आलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी ऐकलं होतं, साहेब. पन तुमी बोल्लात, मी तसं बोल्लोच नाय, म्हून मला वाटलं माझेच कान चुकले."

मला लाज वाटली. पाण्यात बसून वाटली म्हणून ती काही कमी नव्हती.

त्यांनी मला पुन्हा उचललं, या वेळी एक शब्द न बोलता, आणि घरी चुलीपाशी नेलं. पँट बदलायला दिली. ओल्या पँटचे खिसे हिरामणच्या आईने उलटे केले, कागद उलगडून चुलीजवळच्या कोरड्या फळीवर पसरला आणि वर दगड ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. हिरामणला येत होतं. तो सरपण ठेवायला दोनदा त्या फळीपाशी वाकला. मी खेकड्यांच्या नांग्या पाट्यावर ठेचल्या जाताना बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

जेवण असं झालं की लिहायला संकोच वाटतो. नांग्या ठेचून गाळलेल्या पाण्याचा रस्सा, तांदळाची भाकरी, वर कच्चा कांदा. आईने माझा कांदा-लसूण मसाला चिमूटभर घातला, चाखला आणि बाटली फडताळात अगदी मागे ठेवून दिली. म्हातारबुवा माझ्या पानात सारखे खेकडे वाढत होते. जबाबाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

निघताना हिरामणने कागद आणून दिला. घडी पूर्वीसारखीच घातलेली होती. "सुकला, साहेब," तो म्हणाला. "वाचता येतं अजून."

रिक्षा थांबवून ठेवली होती; परतीच्या वाटेवर मी ती कुठेच वळवायला सांगितली नाही. तरी डोकं स्वच्छ होतं असं म्हणणार नाही. सावंतकाकांना फोन करून विचारावंसं वाटलं, मग वाटलं त्यांना कुठे आठवणार. एखादं वाक्य आपण बोललोच नाही असं ठरवून टाकणं फार सोपं होतं. शेडमध्ये साहेबाचा शब्द आणि कंत्राटी माणसाचे कान यांत कुणाचं खरं धरतात हे मला माहीत आहे. बदलापूरच्या पुलावर मी मोबाइल काढला आणि काकांना फोन लावला.

"बरा आहे का पाय?" त्यांनी आधी तेच विचारलं. मग मी माझा प्रश्न विचारला. ते हसले. "काय म्हणणार तुम्ही? नेहमीचंच. अरे या, या. म्हणून तर मी आत आलो. माझ्यामुळेच झालं सगळं, असं वाटून मी त्यानंतर लाडू खाल्लेला नाही."

घरी पोचलो तेव्हा बायकोने दार उघडलं, माझ्या अंगातली हिरामणची पँट पाहिली आणि काही विचारायच्या आत वासूअंकल खालून वर आले. "सुअर मिला, साईं?" मी नाही म्हणालो आणि टेबलाशी बसलो. जुना मसुदा फाडला. छापील फॉर्म पुढे ओढला. त्यात दोन ओळी होत्या ज्या मी पहिल्या वेळी 'लागू नाही' म्हणून कोऱ्या सोडल्या होत्या. वजन खाली घेण्याची सूचना कोणी दिली? तिथे मी माझं नाव लिहिलं. सूचनेचे नेमके शब्द? तिथे लिहिलं: 'अरे या.'