वास न येणारा गॅस

खडवलीला आमची गाडी थांबत नाही, पण त्या सकाळी सिग्नल मिळाला नाही म्हणून थांबली. मी दारात उभा होतो. कसाऱ्याचा घाट मागे पडला होता, हवा एकदम दमट झाली होती, आणि शेजारच्या डब्यातून कुणीतरी ओरडलं, "आता आलंच ठाणं, सामान काढा!" ते ऐकून मी आत जाऊन माझी पिशवी काढून आणली. अर्जुनी मोरगावहून (गोंदिया जिल्ह्यातलं आमचं गाव) एवढ्या लांब मी एकटा कधी आलो नव्हतो.

कशासाठी आलो ते आधी सांगतो. मी आठवीत शाळा सोडली. आज त्याच शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन चालवतो. व्हॅन एलपीजीवर आहे. रोज मुलं बसवण्याआधी मी खाली वाकून वास घेतो, मगच चावी फिरवतो. शाळेच्या सेक्रेटरी साहेबांनी हे कधीतरी पाहिलं असणार. त्यांचे जुने मित्र सामंत साहेब डोंबिवलीजवळ हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकच्या चाचणीचं काम बघतात. त्यांना गॅसची गाडी जपून चालवणारा माणूस हवा होता, तर सेक्रेटरींनी माझं नाव सांगितलं. माझं! त्यांचे उपकार कसे फेडावे हेच मला समजत नव्हतं. पण काम धरायचं तर व्हॅन सोडावी लागणार, ती लगेच दुसऱ्याच्या हातात जाणार. आणि चाचणी बंद पडली तर? बायको, सुषमा, घाबरलेली होती, पण एवढंच म्हणाली होती, "आधी डोळ्यानं पाहून या. मंग बोलू."

ठाण्याला उतरून वर्तकनगरची रिक्षा केली. थोडं पुढे गेल्यावर रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, गॅस भरून घेऊ? नाहीतर मध्येच तुम्हाला उतरून धक्का मारायला लागेल." पंपावरची रिक्षांची रांग वळसा घेऊन मागच्या गल्लीत गेली होती. तो इंजिन बंद करून पाय पसरून बसला.

"कुठून आलात?"

"गोंदियाकडून जी."

"जी? मी काय साहेब दिसतो का?"

"आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात जी."

तो हसला. हायड्रोजनचं सांगितल्यावर मात्र सरळ होऊन बसला. "म्हणजे ती पाण्यावर चालणारी गाडी? मोबाइलवर बघितली मी."

"पाण्यावर नाही म्हणे चालत. चालताना पाणी निघतं."

"हे तर उलटंच झालं! आणि तिचा पंप कुठे आहे?"

"मला नाही माहीत."

"बघा. आमच्याकडे पंप आहे तर लाइन संपत नाही. तुमच्याकडे लाइन नाही, कारण पंपच नाही. जाऊ नका भावा, फसाल."

आमचा नंबर आला तेव्हा त्याने मला उतरवून लांब उभं केलं. भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम आमच्याकडेही आहे. तेवढ्याने जरा बरं वाटलं. भीती वाटायला जागा आहे हे इथल्या लोकांनाही मान्य आहे तर.

वर्तकनगरला माझी मावशी राहते, जुन्या वसाहतीत, तळमजल्यावर. मी जय भीम म्हणून वाकलो तर तिने मला धरून आधी उजेडाकडे वळवलं. "हाडं वर आली की रे! सुषमा जेवायला देते का नुसती बोलते?" लग्न होऊन ती इकडे आली त्याला जमाना झाला, बोलणं पार ठाण्याचं झालंय, पण ताटात सुकटीची चटणी आमच्यासारखीच होती. फक्त भाताऐवजी तांदळाची भाकरी. आमच्या भागात इतका तांदूळ पिकतो, पण त्याची अशी कागदासारखी भाकरी कुणाला सुचली नाही. मी तीन खाल्ल्या. मावशीला हायड्रोजन म्हटल्याबरोबर बॉम्ब आठवला. "बघ बाबा," एवढंच म्हणाली, आणि चौथी वाढली.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला जायला खोपटच्या एसटी डेपोत घाईघाईत एका गाडीत चढलो, आणि गाडी सुटल्यावर समजलं की ही कल्याणची, तीही भिवंडीवरून. कंडक्टर म्हणाला, "चढलाच आहात तर बसा आता निवांत. कल्याणहून डोंबिवलीला रिक्षा ढिगाने आहेत." झालं ते बरंच झालं. भिवंडीच्या बाहेर गोदामांच्या दारात ट्रक उभे होते, नजर जाईल तिथवर. कुणी माल भरत होता, कुणी गाडीखाली चादर पसरून झोपला होता. एवढं सगळं डिझेलवर चालतं. रिक्षावाल्याला वाटलं तसं मलाही वाटत होतं की नवीन इंधन म्हणजे आपल्या रिक्षा, आपल्या मोटारी. त्या गाड्या बघून पहिल्यांदा वाटलं, खरा प्रश्न यांचा असेल.

कल्याणहून शेअर रिक्षाने पत्रीपूल ओलांडून डोंबिवलीच्या औद्योगिक भागात शिरलो तसे नाकाला वास लागायला लागले. एक आंबट, एक रंगाच्या डब्यासारखा, एक कसला ते सांगताच येणार नाही. शेजारची बाई नाकाला पदरही न लावता भाजी निवडत होती. मला मात्र दर वळणाला वाटे, कुठेतरी गळती आहे.

चाचणीचं आवार एका टोकाला होतं. गेटवर पाटील काका भेटले. जवळच्याच गावातले आगरी गृहस्थ, आयुष्य इथल्या केमिकल कंपनीत गेलं, आता राखणदारी करतात. आत पांढरा ट्रक उभा होता, अगदी साधा, कुठल्याही ट्रकसारखा. मी सवयीने त्याच्याखाली वाकलो आणि वास घेतला.

"खाली काय शोधतंस रं?" पाटील काका ओरडले. "तुजा गॅस खाली बसतो. ह्यो वर जातो. गलला (गळला) तर कवाच आभालात गेला!"

मी उठलो. खरंच, शेडचं छप्पर मधोमध उघडं ठेवलेलं होतं आणि गळती पकडणारं यंत्र उंचावर, आढ्याला लावलेलं होतं.

"आणि वास?"

"वास नाय. पेटला तर दिवसाउजेडी जालपन (जाळपण) दिसत नाय धड." त्यांच्या कंपनीत हा गॅस वापरायचे. गळतीचा संशय आला की जुने लोक लांब दांड्याचा झाडू पुढे धरून हळूहळू चालायचे. झाडूचं टोक पेटलं की समजायचं, इस्तव (विस्तव) इथे आहे. "घरात झारूला पाय लागला तर आमची म्हातारी ओरडायची, लक्ष्मी हाय म्हणून," ते हसले. "कंपनीन तर खरीच लक्ष्मी होती ती."

मला हसू आलं नाही. ज्या नाकाच्या भरवशावर मी मुलांना गाडीत बसवतो, ते इथे कामाचं नव्हतं.

एवढ्यात सामंत साहेब आले. मूळचे कोकणातले, बोलणं शांत. मी विचारलं, "साहेब, याला वास का नाही जी?"

"वास तुझ्या गॅसलाही नसतो. तो मुद्दाम मिसळतात, तुला कळावं म्हणून."

इतकी वर्षं मी ज्याला गॅसचा वास समजत होतो तो कुणीतरी माझ्यासाठी घातलेला होता. कोण माणूस असेल? त्याचेही आभार मानायला हवेत. इथे तसं का करत नाहीत, तर मिसळलेल्या वासाने आतला सेल खराब होतो. सेल म्हणजे टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा जिथे एकत्र येतात आणि वीज तयार होते ती पेटी. त्या विजेवर मोटर फिरते. मागच्या नळीतून पाणी ठिबकतं. मी हात धरला. कोमट, स्वच्छ, कसलाही वास नाही. ते पाणी पाटील काका गेटवरच्या तुळशीला घालतात.

"मग सगळ्या गाड्या अशाच होतील का?"

"नाही," साहेब म्हणाले. "रिक्षाला, मोटारीला बॅटरी परवडते. वीज करायची, तिने हायड्रोजन बनवायचा, त्याची पुन्हा वीज करायची, यात बरीच वाया जाते. शिवाय आज बहुतेक हायड्रोजन जमिनीतल्या गॅसपासूनच बनतो, म्हणजे धूर इथे नाही, तिथे. पण भरलेला ट्रक लांब न्यायचा असेल, चार्जिंगला थांबायला वेळ नसेल, तर कदाचित. तेच बघायचं आहे आपल्याला. जमेल की नाही, मला माहीत नाही."

शिकलेला माणूस सरळ 'माहीत नाही' म्हणतो, याचं मला नवल वाटलं. मग त्यांनी मला चालवायला बसवलं, स्वतः शेजारी. गाडीला आवाजच नाही. आवारात दोन चकरा नीट झाल्या. तिसऱ्या चकरेला एकदम टीं टीं टीं सुरू झालं. मी गाडी थांबवली, बटण बंद केलं, दार उघडलं आणि जो पळालो तो थेट गेटच्या बाहेर.

मागे वळून पाहिलं तर ट्रक साहेबांना घेऊन हळूहळू उतारावर निघाला होता. टायरच्या ढिगाला टेकून थांबला. पाटील काका हसून हसून खुर्चीत मागे पडले होते. "पोऱ्या, अर्जुनीलाच जाऊन थांबतंस का काय?"

साहेब खाली उतरले. "सीट बेल्टचा आवाज होता तो. माझ्या. खिशातला चष्मा काढायला मी पट्टा सोडला होता."

मी मेल्याहून मेलो. आता सेक्रेटरींना काय तोंड दाखवू, हाच विचार. "चूक झाली जी. मी निघतो."

"कुठे निघतोस? गळतीच्या आवाजाला गाडी बंद करून बाहेर पळायचं, हेच मी उद्या शिकवणार होतो. पण हँडब्रेक कोण ओढणार? आणि शेजारच्याला 'पळा' कोण म्हणणार?" ते चिडलेले होते, ते दिसत होतं. मग त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि गाडीचे सगळे आवाज एकेक करून ऐकवले. पट्ट्याचा, दाराचा, गळतीचा. गळतीचा अगदी वेगळा आहे, लांबलचक. डोळे मिटून ओळखता येईपर्यंत त्यांनी उठू दिलं नाही. दुपारी पुन्हा चकरा मारल्या. उतरताना म्हणाले, "ये म्हणतो मी तुला. चाचणी बंद पडली तर बंद पडली म्हणून सांगेन, याहून जास्त वचन देता येत नाही. घरी विचार आणि फोन कर."

परतीच्या गाडीत रात्रभर वरच्या बाकावर पडून होतो. हा गॅस उद्या सगळ्या ट्रकमध्ये असेल की त्याच आवारात गंजत पडेल, हे सामंत साहेबांनाच माहीत नाही, मला कुठून असणार. पण ते ठरताना आपण तिथे असावं, असं मात्र सारखं वाटत होतं. आठवीनंतर कशाचंही पुढे काय होतं हे जाणून घ्यावंसं मला क्वचितच वाटलं होतं.

घरी सुषमाला सगळं सांगितलं. वास नाही, जाळ दिसत नाही, काम किती दिवस टिकेल त्याची खात्री नाही. काही लपवलं नाही. पळालो तेही सांगितलं, मान खाली घालून.

"साहेब गाडीत अन् तुमी गेटबाहेर?"

"हो."

ती एवढी हसली की शेजारीण डोकावून गेली. मग डोळे पुसत म्हणाली, "मंग जा."

मला समजेना. "तुला तर भेव (भीती) वाटत होतं ना?"

"गॅसचं नाही जी. तुमचं. कोणी एवढंसं भलं केलं की तुमी त्याच्यापायी जीव टाकता. मले वाटे, काही झालं तर सायबाची गाडी हाय म्हणून तुमी आतच बसून राहाल. पळता ना? मंग जा. आता भेव नाही मले."

मी सामंत साहेबांना फोन लावला. येतो म्हणालो.